दोन हजार वर्षांपूर्वीचं टपाल आणि आमची बी विंग

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. चार माणसं दर शनिवारी एका टेबलाभोवती बसली आणि त्यातल्या एकाला वाद घालायची खोड असली, की ते पंख्यावरच्या धुळीसारखे आपोआप साचतात. आमच्याकडे तर चौघांनाही खोड! त्यामुळे कुणी विचारलं, "परब, तुम्ही शनिवारी संध्याकाळी नक्की करता काय?" तर मी सरळ उत्तर देत नाही. "आम्ही पहिल्या शतकातली ख्रिस्ती पत्रं त्या काळात ठेवून वाचतो," असं म्हटलं की समोरचा घड्याळ बघायला लागतो. म्हणून मी किस्सेच सांगतो.

*

मी त्या मंडळात शिरलो तो गळतीमुळे. बोरिवलीला आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर फिलोमिना मिस राहतात. शाळेत इतिहास शिकवायच्या, आता रिटायर. त्यांच्या बाथरूमचं पाणी आमच्या भिंतीवर उतरत होतं. तावातावानं वर गेलो. दार उघडंच होतं. आत टेबलाभोवती तिघं आणि जोरदार तक्रारी चालू!

"एवढीशी वस्ती, आणि त्यात चार गट!"

"आपसातली भांडणं कोर्टात नेतात. लाज नाही!"

"एकत्र जेवायला जमतात, आणि जो तो आपलं आपलं खाऊन मोकळा!"

मला वाटलं, सोसायटीची मीटिंग आहे आणि मला मुद्दाम कळवलं नाही. मी खुर्ची ओढून बसलो. "हे सगळं बी विंगवाल्यांचं काम आहे," मी म्हणालो, आणि मग गणपतीच्या जेवणापासून पार्किंगपर्यंत सगळं बाहेर काढलं. कुणी अडवलं नाही. उलट मिस मान डोलवत होत्या.

शेवटी शेजारी बसलेल्या तरुण वकिलानं विचारलं, "काका, तुम्ही करिंथबद्दल बोलताय ना?"

"नाही, बी विंगबद्दल."

मिसनी टाळी वाजवली. "तेच ते! संत पौलानं ग्रीसमधल्या करिंथकरांना पत्र लिहिलं ते याच भानगडींमुळे. पुढच्या शनिवारी नक्की या!"

घरी आलो तर बायको म्हणाली, "भांडूक गेल्लास काय शिकूक?" गळती अजून आहे.

*

मिसची पद्धत अशी, की पत्र म्हणजे एका बाजूनं ऐकलेला फोन. पौल बोलतोय ते ऐकू येतं, पण पलीकडून करिंथकरांनी त्याला काय लिहिलं होतं तो कागद हरवलाय. म्हणून आधी तीन प्रश्न. कुणी लिहिलं, कुणाला लिहिलं, आणि पलीकडे काय घडलं होतं म्हणून लिहावं लागलं? तोपर्यंत कुणी स्वतःचं मत पाजळायचं नाही. "उपदेश नंतर, आधी पत्ता!" असं त्या टेबलावर हात आपटून सांगतात.

तो वकील म्हणजे सिद्धार्थ कांबळे, मिसचा जुना विद्यार्थी. घाटकोपरहून येतो. घर बौद्ध, डोकं कोर्टाचं, प्रत्येक वाक्याला "पुरावा काय?" चौथे अगस्टिन अंकल. मिसच्या चर्चमध्ये कॉयरमध्ये गातात. त्यांच्या मते ही पत्रं थेट वरून आली, पाकिटावरच्या शिक्क्यासकट, आणि आपण उगाच चौकशा करतोय.

एवढी पत्रं उलगडणाऱ्या मिसना एक माणूस मात्र उलगडत नव्हता. मनोरीचा धाकटा भाऊ, पास्कल. आई गेली तेव्हा ओट्यावर शब्दाला शब्द लागला. पास्कल म्हणाला, "तू आता पाहुणी." मिस म्हणाल्या, "मग बोलावशील तेव्हाच येईन." त्यानं बोलावलं नाही, त्या गेल्या नाहीत. मार्व्याच्या धक्क्यावरून बोटीत बसलं की समोर माहेर, आणि वर्षानुवर्षं तिकडे पाय नाही!

हे मला अंकलनी सांगितलं. मिस स्वतः एकदाच बोलल्या. "परब, आमच्यातलं एक जण आधी जाणार. दुसरा त्याच्या मातीला पाहुण्यासारखा उभा राहणार." आणि लगेच चहा टाकायला उठल्या. मला फार वाईट वाटलं.

*

तीन प्रश्नांची सवय वाईट. एकदा लागली की कुठेही लागू होते.

लिफ्टजवळ सेक्रेटरीनं नोटीस लावली होती. वर लिहिलं होतं, "संध्याकाळी गच्चीवर फिरणाऱ्या सभासदांनी कृपया वाळवणाची काळजी घ्यावी, ही नम्र विनंती." आणि खाली, "ज्यानं पापडावर पाय दिला त्याचं कधी भलं होणार नाही!"

सिद्धार्थ नोटिशीपुढून हलेना. लिफ्ट दोनदा येऊन गेली.

"मिस, ही दोन वेगळी पत्रं आहेत. कुणीतरी नंतर जोडली. वरचा माणूस शांत आहे, खालचा दुखावलाय."

"करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात अगदी हेच!" मिस खूश. "आधी सगळं गोड गोड, आणि शेवटच्या अध्यायांत एकदम आवाज चढतो."

अंकल वैतागले. "फिलोमिना, एकाच माणसाला आधी राग नसतो आणि मग येतो! त्यात काय?"

निकाल लावायला चौघं सेक्रेटरीच्या दारात. तो बनियनवर बाहेर आला. सिद्धार्थनं विचारलं, "खरं सांगा, खालचा परिच्छेद तुमचा आहे?"

त्यानं आत स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "मिसेसचा आहे. पापड तिचे होते."

अंकलचा चेहरा पडला. जिना उतरताना म्हणाले, "वरचा भाग तरी सेक्रेटरीचाच ना?"

"त्याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत," सिद्धार्थ म्हणाला.

*

अंकलचं एक आवडतं पत्र आहे. त्यात पौलानं आपल्या तरुण शिष्याला, तिमथ्याला, सल्ला दिलाय, की नुसतं पाणी पीत बसू नकोस, पोटासाठी थोडा द्राक्षारस घेत जा. अंकलना पोटाचा त्रास लग्नापासून. त्यामुळे दर रविवारी जेवणाआधी ते पत्राचा आधार घ्यायचे, आणि त्यांची बायको, मेरी आंटी, धर्मापुढे गप्प बसायच्या.

एका शनिवारी आंटी त्यांना न्यायला आल्या आणि दारात थांबल्या. आत मिस शिकवत होत्या, "तिमथ्याला लिहिलेली ही पत्रं पौलाची नसावीत, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. शब्द वेगळे, चर्चची व्यवस्था वेगळी. मागाहून कुणा शिष्यानं गुरूच्या नावानं लिहिली असतील."

आंटी आत आल्या. "म्हणजे ते वाइनचं पौल बोललाच नाही?"

"बहुतेक नाही."

"ऑगी, चल घरी!"

रविवारची बाटली बंद झाली! बाकी कुठल्याही पत्राबद्दल अंकल आता चर्चेला तयार असतात. त्या एका पत्रासाठी मात्र ते शहीद व्हायलाही तयार आहेत.

*

करिंथमध्ये पैसेवाले लवकर येऊन जेवून घ्यायचे. दिवसभर राबून उशिरा येणाऱ्यांना उपास. त्यावरून पौल भडकला. "हे वाचून कळत नाही, अनुभवायला हवं," असं म्हणून मिसनी एका शनिवारी बॉटल मसाल्याची कोंबडी आणि फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोल पाव, केले. मी आणि अंकल श्रीमंत. उशिरा येणारा सिद्धार्थ मजूर. फक्त त्याला हे सांगितलं नव्हतं!

आम्ही भूमिकेत शिरलो. अंकल तर इतके शिरले, की शेवटचा फुगा त्यांनी पातेलं पुसून घ्यायला वापरला.

सिद्धार्थ लिंक रोडच्या ट्रॅफिकमधून घामाघूम होऊन आला. दुपारी कोर्टात जेवायला वेळ मिळाला नव्हता. सगळी झाकणं उघडून बघितली आणि आमच्या तोंडाकडे बघत राहिला.

"सिद्धार्थ," मिस पेन सरसावून म्हणाल्या, "तुला या क्षणी काय वाटतंय? मनमोकळं सांग."

"वाट लावली यार तुम्ही! वाटतंय की तिघांवर केस टाकावी!"

"बघा!" मिस आनंदानं ओरडल्या. "म्हणून ते कोर्टात जात होते!"

सिद्धार्थ खाली जाऊन मिसळ खाऊन आला आणि पुढचे दोन तास कोणाशीही बोलला नाही.

*

पत्रांच्या शेवटी नुसते नमस्कार असतात. अमक्याला सलाम सांगा, तमकीला सांगा. अंकल त्या वेळी झोपून घ्यायचे.

"खरी माणसं इथंच आहेत," मिस म्हणाल्या. "रोमला पाठवलेलं पत्र ज्यानं लिहून घेतलं त्याचं नाव तर्तियस. म्हणजे तिसरा. पुढं क्वार्तस, म्हणजे चौथा. अशी नावं बरेचदा गुलामांची असत. माणसाला नाव शोधायचाही मालकाला कंटाळा."

सिद्धार्थनं हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाला, "माझ्या पणजोबांचं नाव धोंड्या. गावानं ठेवलेलं. माझ्या मुलीचं नाव संघमित्रा."

तेवढ्यात अंकल जागे झाले. "आणि मधे काय झालं?"

"अंकल, त्याला पुढची तारीख घ्यावी लागेल," सिद्धार्थ हसून म्हणाला.

त्यानं ती तारीख दिली आणि पाळली. आजोबांनी नाव कसं बदललं, गाव कसं सोडलं, सगळं सांगितलं. अंकल त्यानंतर नमस्कारांना कधी झोपले नाहीत.

*

आणि एका शनिवारी मिसच्या मोबाइलवर पास्कलचा मेसेज आला. इतक्या वर्षांत पहिला!

"रविवारी क्रुसाचा सण. जेवण आहे. बोट चालू आहे." पुढं जोडलेल्या हातांचं चित्र.

त्या दिवशी पौल बाजूला राहिला. मोबाइल टेबलाच्या मधोमध ठेवला आणि चौघं त्यावर वाकलो.

"'ये' कुठं लिहिलंय?" सिद्धार्थ म्हणाला. "हे आमंत्रण नाही. ही माहिती आहे."

"अरे, बोटीचं कशाला सांगेल मग? बोट काय त्याला हवीय? तो तर मनोरीतच बसलाय!" अंकल तापले.

"पास्कलला टाइप करता येतं?" मी विचारलं.

"छे! नातीनं केलं असणार."

"म्हणजे लेखनिक वेगळा. मग हे हात कुणी जोडले?"

मिसनी मान हलवली. "पास्कलनं जन्मात कुणापुढे हात जोडले नाहीत. ते नंतर घातलंय."

मग त्या एकदम म्हणाल्या, "हसा तुम्ही माझ्यावर. पण मला सांगा, त्यानं मला बोलावलंय की नाही?" दुसऱ्याची पत्रं वाचणं सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग आम्ही उत्तराचा मसुदा करायला घेतला. जुन्या रीतीनं आधी लिहिणाऱ्याचं नाव, मग ज्याला लिहायचं त्याचं, कृपा आणि शांती, मग आभार. अंकलनी एक भजन घातलं. सिद्धार्थनं "कोणत्याही हक्कास बाधा न येता" घातलं. मी हवामान घातलं. मजकूर मोबाइलच्या पडद्यावरून खाली खाली चालला.

मिसनी शांतपणे सगळा पुसला, "बरं" एवढंच टाइप केलं आणि पाठवून दिलं.

अंकल पडद्याकडे बघून म्हणाले, "हे मात्र अस्सल तिचंच आहे!"

*

रविवारी आम्ही चौघं मनोरीला गेलो. बोटीत मिस केकचा डबा मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

मांडवात लांबलचक टेबल, साठेक माणसं. पास्कल एका टोकाला, मिस दुसऱ्या टोकाला. त्यानं एकदाही वर बघितलं नाही. शेवटी शेजारच्या सिद्धार्थला म्हणाला, "तुमच्या मिसला विचारा, बोट फार हलली का."

इथं एक सांगायला हवं. त्या काळी पत्र घेऊन जाणारा माणूस नुसतं पत्र टाकून परत येत नसे. तो ते वाचून दाखवी, आणि अडेल तिथं अर्थही सांगे. सिद्धार्थला हे पाठ होतं. तो उठला आणि अख्ख्या टेबलाला वळसा घालून मिसपाशी आला.

"मिस, बोट फार हलली का, असं विचारतायत. बोट हे निमित्त आहे. मूळ काळजी तब्येतीची दिसते."

मिस ताटात बघत म्हणाल्या, "सांग, हलली नाही."

सिद्धार्थ परत गेला. "नाही म्हणतात. उत्तर नकारार्थी असलं तरी सूर मऊ आहे."

लोकांचे हात थांबायला लागले. पास्कलचे कान लाल झाले. "विचार, मटण तिखट झालं का."

पुन्हा वळसा. "मटणाबद्दल विचारणा आहे. इतक्या आस्थेवरून वाटतं, की मटण त्यांनी स्वतः केलं असावं."

मिसनी घास गिळला. "सांग, आई करायची तसंच झालंय."

सिद्धार्थ टेबलाच्या त्या टोकाला पोचला. आता अख्खा मांडव त्याच्याकडे बघत होता. त्यानं घसा साफ केला. "त्या म्हणतात, आई करायची तसंच झालंय. आता हे वाक्य फार महत्त्वाचं आहे. यातला 'आई' हा शब्द..."

"अरे, गप रे बाबा!" पास्कल ताडकन उठला. खुर्ची मागच्या मागे आडवी. "मला मराठी समजते!"

तो टेबलाच्या कडेकडेनं चालत आला आणि मिसच्या समोर उभा राहिला. मिसनी हातातला फुगा ताटात ठेवला. अंकल हाडूक तोंडाशी धरून तसेच थांबले.

"केस पांढरे झाले गो तुझे," पास्कल म्हणाला.

मिसनी मान वर करून त्याच्या गुळगुळीत टकलाकडे बघितलं.

"तुझे तरी कुठे राहिलेत!"