भर दुपारचा बेत

मी आधी फोटो ठरवते आणि मग देश. हे ऐकून बँकेतले सगळे हसतात. हसू द्या. मालेगावात काचेच्या खिडकीमागं बसून दिवसभर लोकांच्या नोटा मोजणाऱ्या बाईनं वर्षातून एकदा कुठं जायचं, एवढं तरी तिचं तिला ठरवू द्याल की नाही?

भाताच्या पायऱ्यांचा फोटो हवा होता म्हणून व्हिएतनामला गेले. तेही त्या पायऱ्यांत पाणी भरतात त्याच दिवसांत, कारण पुढं रोपं वाढली की त्यात आभाळ दिसत नाही. भूतानचा एक मठ पहिल्या उन्हात हवा होता, तर त्याच्या समोरचा डोंगर केवढा, ऊन त्यावरून कधी उतरतं, हे महिनाभर घरी बसून शोधलं. मोबाइलवर एक अ‍ॅप आहे. जगातल्या कुठल्याही जागी, कुठल्याही दिवशी ऊन कुठून येईल, सावली कुठं पडेल, ते त्यात दिसतं. बाकीच्या बाया मालिका बघतात, मी ते बघते. ऊन ठरलं की महिना ठरतो, महिना ठरला की रजेचा अर्ज, आणि तिकीट सगळ्यात शेवटी. नवऱ्याला विमानाची धास्ती आणि सोयाबीनची काळजी, त्यामुळं तो काही येत नाही. मैत्रिणी येतात आणि माझी बोलणी खातात. पहाटे उठायचं म्हणजे उठायचं. फोटो काढायला आलो आहोत, लग्नाला नाही.

माझा एक नियम ठरलेला होता. दुपारी कॅमेरा पिशवीत. दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं, माणसाच्या डोळ्यांच्या जागी काळे खड्डे येतात आणि पांढरं असेल ते सगळं फटफटीत होऊन जातं. सकाळचा कोवळा उजेड घ्यावा, संध्याकाळचा तिरपा घ्यावा, आणि मधल्या वेळात जेवून झोपावं. या नियमावर मी चारचौघांत भाषणं ठोकली आहेत.

माझे बाबा मालेगावजवळच किन्हीराजा गावी आईसोबत राहतात. एसटीत ड्रायव्हर होते. रात्रीच्या गाड्या, घाटातल्या गाड्या, सगळं केलं आणि नोकरीत एकही अपघात नाही. निवृत्त झाल्यावर एकदा चहाचा कप टेबलाच्या बाजूला हवेत ठेवला आणि कप फुटला. आई म्हणाली, लक्ष कुठं असते तुमचं. मग ते दाराच्या चौकटीला धडकू लागले. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की काचबिंदू आहे. एक डोळा गेलाच, दुसरा कडेकडेनं जात आला आहे. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं औषधाच्या थेंबांवर किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही. बाबा ऐकून घेऊन म्हणाले, "म्हंजे लायसन गेलं." डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

बाबांना एकच गोष्ट पाहायची होती, आणि ती आम्हाला लहानपणापासून पाठ होती. ते तरुण असताना गावच्या विहारात पावसाळाभर वर्षावासाला एक भंतेजी येऊन राहिले होते. त्यांनी श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या पांढऱ्या स्तूपाचं वर्णन केलं होतं. एवढा मोठा, एवढा पांढरा, की कोसावरून वाटतं, ढगच खाली येऊन बसला. नोकरीत रजा नव्हती, मग आमची शिक्षणं, मग माझं लग्न, मग भावाचं घर. राहून गेलं ते राहूनच गेलं. अकोल्याहून परत येताना मी मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही.

त्याच आठवड्यात बेत आखला. असा बेत आखला की काय सांगू! स्तूपापासून जवळच मोठा तलाव आहे. पहाटे पाण्यावर धुकं, त्यात पांढरा स्तूप, आणि समोर पांढऱ्या सदऱ्यात पाठमोरे बाबा. महिना ठरवला ऑगस्ट. तेव्हा आपल्याकडं झड लागलेली असते, पण बेटाच्या त्या भागात कोरडं असतं. रजा टाकली, तलावाकाठची खोली पाहून ठेवली. रविवारी किन्हीराजाला गेले आणि बाबांना सगळं सांगितलं. पहाटे उठायचं, अंधारातच निघायचं, उजाडायच्या आत जागेवर पोचायचं.

बाबा म्हणाले, पहाटे मले काय दिसन?

मी भडकलेच. एवढं डोकं लावून आखलं आणि यांचं आपलं पहिल्याच घासाला खडा. मी म्हटलं, "बाबा, उजेड तवाच चांगला रायते."

"कोनाच्या डोळ्याले?"

आवाज चढवला नाही की तोंड वाकडं केलं नाही. साधं विचारलं. मी उठून आत गेले आणि आईला उगाच भाजीवरून काहीतरी बोलले.

दुसऱ्या दिवशी सुटी टाकली आणि बाबांना घेऊन बाहेर पडले. म्हटलं, यांना नक्की दिसतं काय, हे तर पाहू. गावात पाहण्यासारखं उंच म्हणजे पाण्याची टाकी. सकाळी तिच्यापुढं उभं केलं, तर बाबा म्हणाले टाकी नाहीच. संध्याकाळी तीच गत. भर दुपारी, ऊन असं की आपल्यालाच डोळे उघडवत नाहीत, तेव्हा म्हणाले, हां, हाय. पण अर्धीच हाय. जवळून खांब दिसायचे तर वरचं गोल गायब, गोल दिसायचं तर खांब गायब. मग त्यांना धरून मागं मागं सरकवत नेलं. एका जागी ते थांबले आणि म्हणाले, आता पुरी दिसते. मी तिथं हात लांब करून मूठ धरून पाहिली. टाकी बरोबर मुठीआड गेली. म्हणजे बाबांना जग तेवढंच, मुठीएवढं, आणि त्याच्या भोवती काही नाही.

ग्रामपंचायतीचा माणूस सायकलवरून उतरला. बापलेक भर उन्हात टाकीला मुठी दाखवतायत म्हटल्यावर कुणीही उतरेल. त्यानं विचारलं, टाकी गळून राह्यली का? बाबा म्हणाले, नाही, मोजून राह्यलो. तो बिचारा टाकीभोवती चक्कर मारून गळती शोधून आला.

घरी येऊन मी सगळा बेत पुसला. पहिल्यांदाच माझ्या कॅमेऱ्यासाठी नाही, बाबांच्या डोळ्यासाठी आखायला बसले, आणि गंमत म्हणजे विद्या तीच लागली. मोठ्या झूमच्या लेन्सला जसं जवळचं मावत नाही, दूर सरावं लागतं, तसंच हे. टाकीची उंची माहीत होती, अंतर पावलांनी मोजलं होतं. स्तूप टाकीच्या कितीतरी पट उंच, म्हणजे तेवढ्याच पट मागं उभं राहायचं. त्रैराशिक मांडलं आणि नकाशावर जागा शोधली. तिथल्या बोधिवृक्षाकडून स्तूपाकडं एक सरळ वाट जाते, तिच्यावर नेमकी तेवढी लांब जागा सापडली. वेळ भर दुपारची, ऊन डोक्यावर. माझ्या त्या अ‍ॅपनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडून असा घाणेरडा उजेड निवडून घेतला. तलावाकाठची खोली सोडली आणि वाटेच्या जवळची घेतली. आणि एक दिवस जास्तीचा धरला, कारण फोटोच्या बेतात आभाळाचा भरवसा कधी धरू नये.

बाबांचा आणि आईचा पासपोर्ट झाला. ऑगस्टात धो धो पावसात समृद्धी महामार्गावरून नागपूर गाठलं आणि तिथून चेन्नईमार्गे कोलंबो. बाबा सगळ्या वाटेत गाड्यांच्या आवाजावरून इंजिनं ओळखत होते. कोलंबोहून निघताना आमच्या टॅक्सीवाल्याला त्यांनी मराठीत सांगितलं की क्लच घासून राह्यला. त्यानं काय समजायचं ते समजून मान डोलावली.

पहिल्या दिवशी दुपारी आम्ही वाटेवर उभे राहिलो आणि ढग आले. नको तेव्हा, नको तिथं. मला स्तूप दिसत होता, आईला दिसत होता, आई हात जोडून उभी होती. बाबांना काही नाही. धुरावानी हाय सारं, म्हणाले. आम्ही ऊन पडायची वाट पाहत बसलो, ते काही पडलं नाही. परतताना बाबाच मला समजावत होते की चालते, आलो ना आपन इथपर्यंत, भंतेजीनं सांगितली ते जागा तर हेच हाय. खोलीवर येऊन मी नळ सोडून रडले. सगळ्या जगाची उन्हं मी हिशोबानं पकडली होती, आणि बापाला लागतं ते एक ऊन देता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उठून आधी आभाळ पाहिलं. निळंशार. तरी मी कुणाला काही बोलले नाही, उगाच दृष्ट लागायची. तिघंही पांढऱ्या कपड्यांत निघालो. तिथं चपला आणि टोप्या बाहेरच काढाव्या लागतात. दुपारची वाळू अशी तापलेली की परदेशी पाहुणे सगळे पळून गेले होते. आईनं आमच्यासाठी पायमोजे आणले होते. बाबांनी घातले नाहीत. उन्हाचं आमाले काय सांगता, म्हणाले. कॅमेरा माझ्या गळ्यात होता, पण झाकण काढायचीही इच्छा नव्हती. वर सूर्य, समोर पांढराफेक स्तूप, कुठं सावली नाही, कुठं रंग नाही. फोटो म्हणून अगदी टाकाऊ.

ठरलेल्या जागी बाबांना उभं केलं. मूठ धरून पाहिली, स्तूप मुठीआड गेला. बाबांचे खांदे धरून त्यांना नीट समोर वळवलं आणि हनुवटीला हात लावून मान जराशी वर केली. ते स्थिर उभे राहिले. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते उन्हानंही येतं. मी विचारलं नाही. विचारायची भीती वाटत होती.

आईचा जीव फुलांत अडकलेला. विकत घेतलेली कमळं उन्हानं माना टाकत होती. मी जाते पुढं, तुमी या सावकाश, असं म्हणून तिनं बाबांचा हात माझ्या हातात दिला आणि ती चालू लागली.

मी पुन्हा बाबांकडं पाहिलं, तर त्यांची मान खाली आलेली. एवढं जमवून आणलं आणि हे पाहतायत वाटेकडं! की डोळ्यापुढचं तेवढंही गेलं? भीती वाटली की मला आधी राग येतो. मी म्हटलं, बाबा, वर पाहा ना, स्तूप वर हाय.

"दिसला तो," बाबा म्हणाले. "मघाच दिसला. लय मोठा हाय. आता तुही आई पाहून राह्यलो."

त्यांची नजर जात होती तिकडं मी पाहिलं.

"घरात लय जवळ असते. बाहेर निंगलो की हात धरून बाजूले असते. अख्खी कवाची दिसली नाही मले."

समोर आई चालली होती. डोक्यावरचा पदर एका हातानं धरलेला, दुसऱ्या हातात कमळं, आणि गुडघा दुखतो म्हणून ती एका बाजूला जराशी झुकून चालते ती चाल. आम्ही मागून येत नाही हे तिच्या लक्षात आलं. ती वळली, आमच्याकडं पाहिलं आणि परत यायला निघाली. बाबांना न्यायला.

बाबांनी माझा हात दाबला. "तिले येऊ नको म्हन."

मी त्या शांत जागी ओरडले, आई, तिथंच थांब. लोक वळून पाहू लागले. आईनं लांबूनच हात हलवून विचारलं, काहून? मी पंजा दाखवून पुन्हा सांगितलं, थांब. खरं कारण सांगितलं असतं तर ती लाजली असती, तोंड फिरवून उभी राहिली असती. ती वैतागली. फुलं वाळतायत, पाय भाजतायत आणि लेकीला खूळ लागलंय, हे सगळं तिच्या तोंडावर मला स्वच्छ दिसत होतं. बाबांनाही दिसत असणार, कारण ते हसत होते. ती तशीच उभी राहिली, भर उन्हात, कपाळाला आठ्या घालून, आणि बाबांचं पाहून होईपर्यंत मी तिला हलू दिलं नाही.