सेकंड शिफ्टचे चार बोल्ट

रावेतहून नारायणगावला निघाले तेव्हा साडेदहा वाजले होते. धाकट्या बहिणीचं, सुमनचं, संध्याकाळी पाचला ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी मी पोचेन असं तिला कबूल केलं होतं. तिला दुसरं कुणी नाही.

गुरुवार, म्हणजे एमआयडीसीची सुट्टी. रस्ता मोकळा मिळेल म्हणून भोसरीतून आतला रस्ता धरला. मिळालाही, इतका मोकळा की एक कुत्रं तेवढं दिसलं. शेडमागून शेड, सगळी दारं बंद. तेवढ्यात जळक्या तेलाचा वास आला आणि तापमानाचा काटा लाल रेघेला टेकला.

एकच गॅरेज उघडं होतं. मालक साठीचे, अंगात कंपनीचा विटलेला निळा शर्ट. बॉनेटखाली वाकून म्हणाले, "टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणाचं) पॅकिंग गेलंय. कूलंटच्या पायपाचा जोडबी तडकलाय. अशीच दामटली तर चाकणच्या पुढं इंजिन जाम व्हईल, ताई."

"आज होईल?"

"व्हय. गार झालं की."

आधी जोड बदलला. मग नवं पॅकिंग बसवून झाकणाचे दहा बोल्ट ते मधून कडेला आवळत गेले. आवळलेल्या प्रत्येक बोल्टवर पिवळ्या पेंटचा ठिपका. "समोरच्या कंपनीत लायनीवर तीस वर्षं हेच केलं. ठिपका न्हाई तर बोल्ट न्हाई."

सहा बोल्ट झाले आणि भोंगा वाजला.

पाना तिथेच ठेवून ते बाहेर गेले. आसपासच्या घरांतून आणखी चार-पाच माणसं आली. समोरच्या कंपनीच्या गेटसमोर सगळी रांगेत उभी राहिली. गेटला गंजलेलं कुलूप, आत कमरेइतकं गवत. दोन मिनिटांनी पांगली.

"कंपनी कधी बंद पडली?"

"सात वर्षं झाली."

"मग भोंगा?"

"वॉचमन वाजवतो. न्हाई वाजवला तर घास उतरत न्हाई कुनाला. या, भाकर खाऊन घ्या."

ठेच्याशी अर्धी भाकरी खाल्ली. चांगली होती. हात धुऊन त्यांनी कूलंट भरलं आणि म्हणाले, "घ्या गाडी."

मी ठिपके मोजले. "दादा, चार बोल्ट राहिलेत."

"ते सेकंड शिफ्टवाला घेईल." ते इंजिनाच्या पलीकडे बघत होते. तिथे कुणी नव्हतं. माणूस जागेवर येईपर्यंत थांबावं तसे ते थांबले. वाटेत आपण उभ्या आहोत असं वाटून मी चक्क बाजूला सरले.

दोन वाजत आले होते. मी पलीकडे जाऊन उभी राहिले. "आज मी आहे. पाना द्या."

"कार्ड पंच केलं?" चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"केलं."

"हलक्या हातानं. जास्त पिळलं तर झाकण फुटतं."

चार बोल्ट, चार ठिपके. प्रत्येकावर बोट टेकवून त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे नुकतंच कुणी आल्यासारखं पाहिलं. "अवो ताई, तुमी कशाला हात काळे केले?"

साडेचारला पोचले. सुमनने नर्सला थोपवून धरलं होतं.

"हाताला काय लागलंय?"

"पेंट."

"धू आधी."

"तुला आत नेलं की धुते."

चौथ्या दिवशी तिला मागच्या सीटवर आडवी करून रावेतला आणलं. गाडीने तेलाचा थेंब गाळला नाही. त्या माणसाचं काम चोख होतं. सहा बोल्टांचंच होतं, एवढंच. माझ्या आधी तिथून गेलेल्या गाड्यांचे उरलेले चार कुणी आवळले, ते मी विचारलं नाही.