हरणाऱ्यानं मागून उठावं

डोंग्यात एकाच माणसाची जागा उरली होती, आणि सोसायटीच्या गोदामाच्या स्लॅबवर माझा नवरा आणि माझे व्याही बुद्धिबळ खेळत बसले होते. पाणी गोदामाच्या खिडक्यांच्या वर चढलं होतं. पाऊस कधीच थांबला होता. हे पाणी वरून, दुसऱ्यांच्या पावसाचं येत होतं. आत धानाची पोती भिजून फुगत होती आणि दर थोड्या वेळानं खालची भिंत करकरत होती. मुलगी आणि तिचं सात महिन्यांचं लेकरू पहिल्या खेपेत गेलं होतं. मी या खेपेत बसले होते. नावाडी ढिवर बांबू रोवून डोंगा कसाबसा रोखून धरत होता आणि ओरडत होता, "अजी, कोन येते? एकच मानूस बसल! दुसऱ्याले मागून नेतो!" आणि ते दोघं एकमेकांना म्हणत होते, आधी तुम्ही. पंगतीत शिरताना दारात म्हणतात ना, अगदी तसं.

माझ्या व्याह्यांइतका हट्टी माणूस वैनगंगेच्या दोन्ही काठांना झाला नाही. हे मी त्यांना तोंडावर म्हटलेलं आहे, म्हणून आता मागून म्हणायला मला लाज वाटत नाही.

आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. आमचे इवाई नागभीड स्टेशनात पॉइंट्समन होते. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात केबिनमध्ये बसून ते बुद्धिबळ शिकले, आणि नोकरी संपल्यावर रेल्वेचा एक कंदील आणि हा आजार एवढंच घेऊन गावी आले. बायको आधीच गेलेली, मुलगा राजुऱ्याकडे कोळशाच्या खाणीत. मुलगी पाहायला आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी मुलीला नावसुद्धा विचारलं नाही. पोहे खाल्ले, हात पुसले आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "तुमी खेलता काजी?" नवऱ्याला वाटलं, पत्त्यांचं विचारतात. तो घाईनं नाही म्हणाला. इवाईंचं तोंड एवढं उतरलं की मला वाटलं, स्थळ गेलं. मग कुठे उलगडा झाला. माझा नवरा चंद्रपूरला आरागिरणीत कामाला होता आणि जेवणाच्या सुट्टीत तिथली माणसं सागाच्या फळीवर पट आखून खेळायची. तो म्हणाला, बुद्धिबळ होय, ते खेळतो की. तिथेच लग्न ठरलं. आम्ही छप्पन सालापासूनची बौद्ध माणसं. टोपी, दुपट्टा, पाय धुणं, यातलं इवाईंनी काही घेतलं नाही. "दीक्षा घेतली तवाच मानपान सोडला," म्हणाले, "आता इवाई झालो म्हनून सोंग कायले करू?" मला माणूस आवडला. दारातून हाकललेला तो सगळा मानपान त्यांच्या बुद्धिबळाच्या पटावर येऊन बसला आहे, हे मला नंतर कळलं.

मी चौथीपर्यंत शिकले आणि हा खेळ मला येत नाही. पण इतकी वर्षं चहा देता देता एवढं समजलं की जिंकायचं कसं याच्याशी इवाईंना फार देणंघेणं नव्हतं. हरायचं कसं, हा त्यांचा विषय होता. त्यांचा पहिला नियम, डाव मध्ये सोडायचा नाही. माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. शिवाय तो मुलीचा बाप. आपण मुलीकडचे, इवायाला जिंकू द्यावं, असं त्याच्या डोक्यात. लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही त्यांच्या गावी गेलो, तर याचा वजीर गेला आणि हा हात जोडून म्हणाला, "सोडला डाव. तुमी जिकले, इवाई."

"काऊन?" इवाई म्हणाले.

"वजीर गेला ना माहा."

"वजीर गेला, तुमी तं हाये ना इथी? का तुमी बी गेले?" त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. "जेवाच्या पंगतीतून बी असेच अर्ध्यावर उठता का? मले सांगा, म्हनजे ताट वाढाच्या आधी इचारत जाईन."

आणि त्यांनी दोन्ही हातांनी पट उचलून अलगद उलटा फिरवला. हरणारी बाजू स्वतःकडे घेतली, जिंकणारी माझ्या नवऱ्याला दिली आणि म्हणाले, "आता खेला." कोणी डाव सोडला की ते असंच करायचे. दुसऱ्याची हरलेली बाजू घ्यायचे, शेवटचं प्यादं मरेपर्यंत खेळायचे आणि बहुतेक वेळा हरायचे. हरले की तोंडावर समाधान. "पाहा, आता झाला डाव. गाडी नागभीडले जाते म्हनून सांगतली, तं नागभीडलेच नेली पाहिजे. मंधात रुळावर उतरवून देनं बरोबर नाई." नागभीडला कोणी मोठे साहेब होते, ते हरायला लागले की आपला राजा पटावर आडवा झोपवून उठून जायचे. त्याची इवाईंना इतकी चीड होती की पंधरा वर्षांनीही सांगताना आवाज चढायचा. "जित्या राजाले झोपवते! पाप हाय ते पाप!" मी म्हणायचे, लाकडाचा राजा मेला तर माझा नवरा दुसरा करून देईल, इथे माझा भात करपला तो कोण करून देईल? ते म्हणायचे, "इहीनबाई, करपला तरी चालल. खाऊन उठू, पन अर्ध्यावर नाई उठनार."

एकदा गावच्या ग्रामसेवकानं डाव सोडला आणि बस आली म्हणून पळाला. इवाई पट तसाच तळहातांवर घेऊन, वाढलेलं ताट न्यावं तसा सपाट धरून, बसपर्यंत गेले आणि मागोमाग चढले. कंडक्टरनं विचारलं, कुठलं तिकीट. म्हणाले, "मात होईल तिथलं द्या." सिंदेवाहीच्या अलीकडे मात झाली, अर्थात इवाईंवरच, आणि ते उतरून आठ मैल चालत घरी आले. ग्रामसेवक त्यानंतर गावात आला की दुसऱ्या आळीनं जायचा.

दुसरा नियम हरल्यानंतरचा होता. जिंकणाऱ्यानं आधी उठायचं. हरणाऱ्यानं बसून सगळे मोहरे गोळा करायचे, खांद्यावरच्या पंच्यानं एकेक पुसायचा, आधी प्यादी, मग मोठे, शेवटी आपला राजा, बत्तीस मोजून पिशवीत भरायचे आणि मगच उठायचं. "हरनाऱ्यानं मांगून उठावं," ते सांगायचे. "पयले उठला तं समोरच्याले वाटते, याले राग आला. अन् रागानं उठला तं मंग खेल कायचा, भांडन झालं." एकदा एक प्यादं मिळेना. इवाई हरलेले होते, त्यामुळे ते उठेनात. दुपारचं जेवण झालं, भांडी घासून झाली, हे आपले अंगणात पटापाशी बसलेले. शेवटी शेजारच्या एका पोराच्या गालात काहीतरी फुगीर दिसलं. प्यादं बाहेर काढलं, लाळ पुसली, पिशवीत टाकलं, मग इवाई उठले. तोवर त्यांच्या पायांना इतक्या मुंग्या आल्या होत्या की दोघांनी धरून उभं करावं लागलं.

हे सगळं आठवलं की मला हसू येतं आणि हसू आल्याचा राग येतो.

पुराच्या वेळी आम्ही लेकीला भेटायला गेलो होतो. पाणी गावात शिरलं तेव्हा जो तो हाताला लागेल ते घेऊन निघाला. मी पीठ घेतलं. इवाईंनी पट आणि मोहऱ्यांची पिशवी घेतली. मी गोदामाच्या स्लॅबवर त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ते ऐकून घेऊन म्हणाले, "पीठ कच्चं खाता काजी, इहीनबाई?" आणि पट मांडला. सकाळपासून खेळत होते. डोंगा दुसऱ्या एका घरावरची माणसं घेऊन आमच्याकडे आला, मी चढले, आणि एक जागा उरली.

माझा नवरा म्हणाला, "इवाई, तुमी जा. मुलाकडचे तुमी."

"डाव चालू हाय," इवाई म्हणाले. "कसा उठू?"

नवऱ्याजवळ राजा आणि दोन प्यादी उरली होती. इवाईंजवळ जवळजवळ सगळं. त्यानं त्यांचाच नियम त्यांच्यापुढे टाकला. "मी सोडला डाव. तुमी जिकले. जिकनाऱ्यानं आधी उठाचं, तुमीच सांगता. उठा."

खाली भिंत करकरली. डोंगा हलला. ढिवर म्हणाला, "तुमचं बुद्धिबल घाला आगीत! मी चाल्लो!"

इवाईंनी पट उचलला आणि उलटा फिरवला. राजा आणि दोन प्यादी स्वतःकडे घेतली. मला वाटलं, आता हे शेवटपर्यंत खेळणार आणि आम्ही सगळे मरणार. त्यांनी पटाकडे पाहिलं, थोडा वेळच. मग एका बोटानं आपला राजा आडवा केला.

"हरलो," म्हणाले. "उठा, इवाई."

माझा नवरा उठला नाही. तो त्या आडव्या राजाकडे पाहत राहिला. मी डोंग्यातून हात लांब केला, त्याचं मनगट धरलं आणि ओढलं. तो गुडघ्यावर आत पडला. मी एकदाही म्हटलं नाही की इवाई, तुम्ही या. मनात आलं नाही असं नाही. आलं होतं, आणि मी मनगट आणखी घट्ट धरलं. ढिवरानं बांबू मारला. इवाई खाली मान घालून प्यादी पुसत होते. पंचा ओला होता, त्यानं काय पुसलं जाणार?

शाळेच्या टेकडीवर मुलगी लेकरू घेऊन उभी होती. तिनं सासऱ्यांचं विचारलं, "मामाजी कुठी हायेत?"

नवरा म्हणाला, "मांगून येऊन राह्यले."

ढिवर क्षणभर थांबला नाही, लगेच परत फिरला. हे त्याच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. तो अर्ध्या पाण्यात होता तेव्हा आवाज आला. धान फुगत गेलं की त्याला कोणतीच भिंत पुरत नाही. गोदाम मधोमध फुटलं आणि स्लॅब खाली बसला. तिसऱ्या दिवशी इवाई दोन कोसांवर बाभळींत सापडले.

गावातले लोक म्हणतात, त्यांनी इवायासाठी जीव दिला. मी तसं म्हणत नाही. डोंगा परत येणार, असंच त्यांना वाटत असावं. त्यांना फक्त आधी उठायचं नव्हतं. नक्की काय, ते मला कळलं नाही आणि विचारायला ते राहिले नाहीत. माझा नवरा मात्र पुढे कितीतरी वेळा जेवता जेवता थांबून म्हणायचा, "डाव मीच सोडला होता, त्याहिनं नाई." मी म्हणायचे, जेव.

त्या खेपेत डोंग्यात आम्ही सहा जण होतो. ढिवर, दुसऱ्या घरचं एक जोडपं, त्यांची म्हातारी, माझा नवरा आणि मी. सहाही जगलो.