बॉल नसलेल्या पोरींचे सर

मॅच चालू असली की सगळं मैदान बॉलकडे बघायचं आणि आमचे सर भलतीकडे. बॉल समोरच्या गोलपाशी, सगळ्यांच्या माना तिकडे, आणि हा गृहस्थ तिकडे पाठ करून माझ्याकडे बघत ओरडतोय, "रेश्मे, दिसालीस गं मला. अशीच उभी ऱ्हा." बेळगावात मुलींचा फुटबॉल बघायला तुम्ही कधी थांबला असाल, तर हा माणूस तुम्हीही पाहिला असेल आणि थोडं हसलाही असाल.

"जिच्याकडं बॉल हाय तिला सगळं गाव बघतंय," सर म्हणायचे. "बाकीच्या धा जणीस्नी कोण बघणार?"

मी गोलकीपर. गोलकीपरचं दुखणं तुम्हाला सांगते. अर्धा तास तिला कुणी विचारत नाही आणि मग एकदम सगळा दोष तिचा. त्या अर्ध्या तासात डोक्यात नको नको ते येतं. निघताना आई काय बोलली, शेजारची काय म्हणत असेल, ही चड्डी घालून आपण इथे नेमकं काय करतोय. तेवढ्यात सरांची हाक यायची आणि माझं लक्ष परत मैदानावर यायचं.

सर उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामासाठी मातीचे साचे करायचे. पहिली शिफ्ट सुटली की तसेच स्कूटरवरून यायचे, कानामागे काळी माती, हँडलला बॉलची जाळी. कारखान्यातल्या गोंगाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की सर मनात बोलले तरी हिंडलग्यात ऐकू जाईल, अशी आम्ही चेष्टा करायचो. हिंडलगा हे शहराबाहेरचं माझं गाव, त्यामुळे त्या चेष्टेत माझाही वाटा असायचा.

शाब्बासकी देण्याची त्यांची तऱ्हा न्यारी. गोल मारणारीला नुसती मान डोलवायचे. पण एखादी पोरगी बॉल मिळत नसताना पळत राहिली, तर तिचं नाव सगळ्या मैदानाला ऐकवायचे. एकदा आम्ही पाच गोल खाल्ले. मी गुडघ्यात डोकं घालून रडत होते. सर शेजारी येऊन बसले. "पाच खाल्लीस, सात अडीवलीस," म्हणाले. "सात कुणी लिवून ठेवत न्हाय, म्हणून मी मोजलोय." दुसऱ्या दिवशी मैदानावर सगळ्यांत आधी मी पोहोचले होते.

आणि मग ते निपाणीचं घडलं. तिथे स्पर्धा होती आणि राज्याच्या संघासाठी निवड करणारी माणसं बेंगळूरहून येणार होती. मी एकोणीस वर्षांची, शहरातल्या कॉलेजात नवीनच गेलेली. त्या संघात जायचं, याखेरीज मला दुसरं काही सुचत नव्हतं. वाटेतलं काकती गाव मागे पडलं तशी मी बसमध्ये सरांच्या शेजारी जाऊन बसले.

"सर, आज मला वरडून काय सांगू नगा. लोकं हसत्यात."

सर खिडकीबाहेर बघत होते. "हसत्यात व्हय?" म्हणाले. मग खांद्यावरच्या टॉवेलची घडी घालत, "बरं. न्हाय सांगत."

त्या मॅचमध्ये सर सगळ्या पोरींना ओरडले. माझ्याकडे वळले की तेवढा तोंडावर टॉवेल धरायचे. आणि गोची अशी झाली, की मी त्या दिवशी कधी नव्हे इतकी छान खेळले. ईर्षेने खेळले का भीतीने, ते मला अजून कळलेलं नाही. माझी निवड झाली. सर खुशीत येऊन म्हणाले, "माझंच चुकत हुतं गं. तुला शांतता मानवत्या."

त्यानंतर मी दोन वर्षं खेळले. सरांनी मला मॅचमध्ये एकदाही हाक मारली नाही.

राज्याच्या संघातले प्रशिक्षक सगळ्यांना सारखंच 'गुड जॉब' म्हणायचे. चांगली माणसं होती, त्यांचं काही चुकलं नाही. मी मात्र बेळगावच्या संघाकडून खेळायला यायचे ती सरांच्या हाकेच्या आशेने. बॉल पलीकडे गेला की सर सवयीने माझ्याकडे वळायचे, हात वर करायचे आणि तोंड घट्ट मिटून घ्यायचे. दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस. 'सर, ओरडा की,' एवढंच मी म्हणायला हवं होतं. दहा वेळा ओठांवर आलं. पण आपणच नको म्हटलेलं परत मागायचं कसं, आणि त्यात मी मुलखाची हट्टी. दोन वर्षं अशीच गेली, मग नोकरी, मग लग्न.

आता मी खानापूरच्या एका शाळेत खेळाची शिक्षिका आहे. सर गेल्याचं कळलं ते शाळेतच. त्यांच्या घरी पोहोचले, तर अंगणात सतरंजीवर पाच-सहा बॅचच्या पोरी बसलेल्या, कुणाच्या मांडीवर मूल. प्रत्येकीला सरांची आपापली हाक आठवत होती. एकीला ते म्हणायचे, "तू पळाय लागलीस की लई बरं वाटतंय बघ." मी ऐकत होते. मला त्या सगळ्या पोरींचा हेवा वाटला, हे कबूल करते.

एक लहान चणीची मुलगी माझ्याजवळ सरकली. बोटांना चिकटपट्ट्या होत्या, म्हणजे आताची गोलकीपर.

"तुमी हिंडलग्याच्या रेश्माक्का नव्हं? सर तुमचं लई सांगायचे."

"काय सांगायचे?"

"म्हणायचे, निपाणीपासनं तिला कधी हाक माराय लागली न्हाय. एकटी उभी ऱ्हायाची, येवढी खंबीर पोरगी." मग तिने हळूच विचारलं, "आक्का, तितं एकटीला तुमास्नी खरंच भ्या वाटत न्हवतं?"

"लई वाटायचं गं," मी म्हणाले.

हे मला सरांना सांगायचं होतं, आणि मी ते तिच्यापाशी बोलून बसले होते.