बादलीच्या शेगडीची तिवई

जाऊबाईंच्या साडीने पेट घेतला तेव्हा माझ्या एका हातात चिमटा होता आणि चिमट्यात वांगं. वांगं टाकलं, बसायची सतरंजी ओढली, त्यांना आडवं पाडलं आणि सतरंजीसकट त्यांच्या अंगावर बसले. त्या ओरडत होत्या, अगं मला मारतेस की काय. मी उठले नाही. ज्वाळा विझल्यावर टाकीच्या नळाचा पाइप ओढला आणि माझा मुलगा गाडी काढेपर्यंत त्यांच्या पायावर पाणी सोडत राहिले. साडी नायलॉनची, वितळून पोटरीला चिकटली होती. ती ओढून काढली नाही. काढली असती तर कातडं निघालं असतं.

भोगीचा दिवस होता. कलकत्त्याजवळ न्यू टाउनमध्ये मुलाच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघी जावा राहतो, दोघीही नवरे गेलेल्या. इमारतीची गच्ची सगळ्यांची. गॅसवर भाजलेल्या वांग्याचं भरीत मी खात नाही, म्हणून शेगडी स्वतः केली होती. जुनी लोखंडी बादली, खाली राखेसाठी कापलेलं तोंड, मध्ये सळ्या, आतून गंगेच्या मातीत तूस कालवून दिलेला जाड लेप. कलकत्त्यात फूटपाथवरचे चहावाले अशीच वापरतात.

अशा बादलीत एक खोड असते. वर रुंद, बुडाशी अरुंद. कोळसा भरला की डोकं जड होतं. मी ती तीन विटांच्या बेचक्यात बसवायची. त्या दिवशी मी मीठ-तेल आणायला खाली गेले आणि लिफ्टसाठी ताटकळले. तेवढ्यात जाऊबाईंनी शेगडी विटांवरून काढून चौरंगावर ठेवली. सणाच्या दिवशी अग्नीला भुईवर बसवायचं नाही, हे त्यांच्या माहेरचं. चौरंगाभोवती रांगोळी, बादलीला हळदकुंकू, आणि कापूर लावून त्यांनी ती पेटवलीही. मी आले तोवर बादली तापली होती. हात कोण लावणार? तशीच वांगी भाजायला घेतली. राखेच्या तोंडातून निखारे लाकडावर पडत राहिले, फळी जळून खचली, आणि अग्निदेव जाऊबाईंच्या पायांवर आले.

त्यांना साखरेचा आजार. जखम भरता भरेना. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की या वयात काही सांगता येत नाही. मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं की पुन्हा गच्चीवर आग नाही. सोसायटीचे सेक्रेटरी, एक भले बंगाली गृहस्थ, वर आले. मला माशीमा म्हणतात, म्हणजे मावशी. त्यांचंही तेच. मी म्हटलं, "शेगडी चौरंगामुळे पडली. बंद करायचा तर चौरंग बंद करा." ते हसले. मी हसले नाही.

जाऊबाई घरी आल्या, चालायला लागल्या. पण गॅसजवळ जाईनात. सगळा जन्म तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावणारी बाई, आता सुनेला म्हणायची, तू लाव गं, आणि स्वतः दाराशी उभी राहायची. सून मला म्हणाली, राहू द्या ना आई, आता या वयात काय अडलंय. अडलंय. भिऊन बसलेलं माणूस लवकर संपतं. मी ते बघितलं आहे आणि पुन्हा बघणार नव्हते.

बंदराजवळ खिदिरपूरला जहाजांचं मोडीत निघालेलं लोखंड मिळतं. रिक्षा, बस, पुन्हा रिक्षा करून मी बादली घेऊन तिथल्या वेल्डरकडे गेले. मुलाला सांगितलं नाही. वेल्डरला तीन पायांची तिवई सांगितली. चौथा पाय नको, गच्चीच्या उंचसखल फरशीवर चार पाय डुगडुगतात. कडं बादलीच्या पोटाला घट्ट बसलं पाहिजे, काठाच्या जरा खालीच. पाय बादलीच्या काठापेक्षा बाहेर फाकलेले. तो म्हणाला, उंच करतो, तुम्हाला वाकावं लागणार नाही. म्हटलं, मला वाकता येतं. बूड जमिनीपासून चार बोटं वर, तेवढंच. खाली वाळू भरलेलं पसरट घमेलं सरकवता येईल एवढी जागा. लाकूड नाही, प्लास्टिक नाही, रंगही नाही, रंग जळून वास सुटतो.

न पेटवता तपासली. कोळशाच्या वजनाइतकी ओली वाळू भरली आणि लाथ मारली. पदर अडकवून ओढला. सेक्रेटरींना आणि मुलाला गच्चीवर बोलावलं आणि सेक्रेटरींना म्हटलं, ढकला. त्यांनी एका बोटाने ढकललं. "माशीमांना ढकलल्यासारखं नका करू," मुलगा म्हणाला, "जोर लावा." त्यांनी खांदा लावला. तिवई सरकली, कलंडली नाही. मग ते म्हणाले, पाण्याचा पाइप जवळ पाहिजे, आणि वारा असेल त्या दिवशी नाही. या दोन अटी मी मान्य केल्या. त्या बरोबरच होत्या.

पुढच्या थंडीत, भर दुपारी, जाऊबाईंना हात धरून वर नेलं. सुती साडी नेसवून. त्या जिन्याच्या दारातच थांबल्या.

"मला जमायचं नाही."

"पेटवायची तुम्हीच," मी म्हटलं. "नाही पेटवली तर भरीत नाही. कच्चं वांगं खाऊ."

"खा की."

"तुम्हालाही खायला लावीन."

त्यांनी मला एक शिवी दिली, ती लिहीत नाही. मग शेगडीपुढे बसून काडी ओढली. पहिली विझली. दुसरी कागदाला लागली. त्या मागे सरकल्या, पण उठल्या नाहीत. कोळसा लाल झाल्यावर त्यांनी तिवईच्या पायाला चिमट्याने टोचून पाहिलं, आणि म्हणाल्या, अग्नीला हे काय आसन दिलंस गं, लोखंडाचं. म्हटलं, त्याला चालतं. वांगी त्यांनीच उलटली.

आता देवापाशी दिवाही त्याच लावतात. पायावर डाग आहे, जरा लंगडतात. त्या वाचल्या.