स्टार्टरवर गोमूत्र

दसऱ्याच्या सकाळी भांडुपच्या रंगाच्या कारखान्यात मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पूजेआधी स्टार्टरला हात कोणी लावला?"

"मीच. जोडणी माझीच आहे ना, मालक."

"म्हणूनच! आजच्या दिवशी तरी तुम्ही लोकांनी लांब राहायचं!"

माझ्याबरोबर रोज डबा खाणारेही झेंडूच्या माळांकडे बघत राहिले.

झालं एवढंच होतं. रंग ढवळायच्या मिक्सरला मालकांनी मोठी मोटर आणली, स्टार्टर मात्र जुन्या लहान मोटरचाच ठेवला. मी तिथला वायरमन. मोटर बदलली की स्टार्टर आणि रिलेही तिच्या मापाचे लागतात, हे सांगून झालं होतं. "दिवाळीनंतर बघू," म्हणाले. नारळ फुटला, मालकांनी हिरवं बटण दाबलं, मिक्सर जरा फिरला आणि खट्. जास्त करंट गेला की मोटर बंद पाडायची, हे रिलेचं कामच. अपशकुन माझ्या हाताचा ठरला.

मालकांनी गोमूत्राचा तांब्या उचलला. हळदकुंकवासाठी स्टार्टरचं झाकण उघडं, आत करंट. मी धावलो, मेन स्विच पाडला. मग ते निवांत शिंपडत राहिले. त्यांचा जीव वाचवायला मी धावलो आणि ते माझा विटाळ धूत होते.

तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा राग आला, स्वतःचा जास्त आला. दर दसऱ्याला कुणी सांगायच्या आधीच मी फाटकाबाहेर जाऊन उभा राहायचो. यंदा नव्या मोटरसाठी त्यांनीच थांबवलं होतं. आपण बौद्ध, पूजा मानत नाही, अशी मनाची समजूत घालायचो. खोटं. घाबरायचो.

"पुसून घे आणि रिले बायपास कर. मुहूर्त टळतोय."

आता माझा हात त्यांना चालत होता.

बायपास केला की मोटर चालणार, जुना स्टार्टर तापत तापत पेटणार. शेजारी थिनरची पिंपं. तिथंच शांताबाई डब्यांना लेबलं लावायच्या, नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून.

"नाही करणार."

"कोट्यातलं लायसन घेऊन मला शिकवतोस? चालता हो!"

"जातो. शांताबाई, तिथं बसू नका. हे पेटेल."

शांताबाई मालकांकडे न बघता उठल्या.

नोकरी गेली. आता नव्या कारखान्यात आधी आडनाव सांगतो, मोठ्यानं. मग स्टार्टर उघडतो. दसऱ्याला फाटकाबाहेर जात नाही, स्टार्टरपुढेच उभा राहतो. ज्याला शिंपडायचं असेल त्यानं आधी माझ्या तोंडावर शिंपडून दाखवावं.