सोमवारी आमच्या घरी चहा उशिरा

"खाली बसशीन तं खबरदार!"

एवढं ओरडून यांनी माझ्या हातातला झाडू हिसकावला.

सोमवारची सकाळ. वणी म्हणजे कोळसा खाणींचं गाव, अंगण झाडायचं म्हणजे कोळशाची धूळ आली. पाणी भरून, ती झाडून मी ओट्यावर जरा टेकायला गेले, तर हे हजर.

"डॉक्टर म्हणले बसलं तं चालते," मी म्हटलं.

"बसली का तू लवंडते. तुले मी आज ओळखतो काय?"

डॉक्टरांनी सांगितलं होतं, गोळी घेतल्यावर अर्धा तास बसा किंवा उभ्या राहा, फक्त आडवं व्हायचं नाही. यांनी त्यातून 'बसा' काढून टाकलं.

माझे मिस्टर बसमध्ये कंडक्टर होते. नोकरीभर लोकांना उभं करून नेलं. रिटायर झाल्यावर मी सापडले.

मला स्तनाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाला. केस गेले, परत आले.

मग रोजची एक गोळी सुरू झाली. कॅन्सरने परत येऊ नये म्हणून. पण ती हाडं पोकळ करते. म्हणून हाडांसाठी दुसरी गोळी, आठवड्यातून एकदा. उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास चहासुद्धा नाही.

मी शाळेत फार गेले नाही. जे शिकले ते वाचून वाचून. गोळीच्या डब्यातला बारीक अक्षरांचा कागद मी भिंग लावून वाचला. यांनी नाही वाचला. पण बोलायचे असे, जसा काही यांनीच लिहिला.

मला चहा नाही म्हणून यांनाही नाही. मी अंगणात उन्हात उभी, हे बाजूला उभे. चिडचिड मात्र माझ्या वाट्याचीही हेच करून टाकायचे.

आता आमची वस्ती बौद्धांची.

दर सोमवारी एक बाई सकाळी उपाशी. हातात पाण्याचा ग्लास. तोंड सूर्याकडे.

वस्तीला जे वाटायचं ते वाटलं.

एका सोमवारी विहारातल्या महिला मंडळाच्या कौसल्याकाकू दोन बायका घेऊन आल्या.

"काय वं प्रमिला, तू सोमवार धरून राह्यली म्हणते?"

"नाई काकू..."

"आपल्या बापजाद्यानं सोडलं ते सारं. तुले काय कमी पडलं वं?"

"काकू, हे हाडायसाठी हाय."

"हाडायसाठी कोनता देव हाय?"

हे हसता हसता खाली बसले. मला बसायची बंदी असताना.

मग यांनीच आत जाऊन गोळीचं पाकीट आणून दाखवलं. "हा पाहा देव. मेडिकलमंदी भेटते."

"मंग सोमवारच काहून? मंगळवारी घेतली तं काय हाड तुटते?"

"रविवारी मटण राह्यते ना काकू," मी म्हटलं. "मटणाच्या दुसऱ्या दिवशी गोळी. याद राह्यते."

काकूंनी पाकीट उन्हात धरून मागून-पुढून पाहिलं. खात्री पटली. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "माह्येही गुडघे लय दुखते. एक देतं काय?"

"जमत नाई," हे म्हणाले. "एका तिकिटावर दोन पॅसेंजर नाई. पहिले डॉक्टरले दाखवा."

चालणं हा आमचा दुसरा तंटा.

डॉक्टर म्हणाले होते, नुसत्या गोळीने भागत नाही, व्यायाम पाहिजे. वरण शिजेपर्यंत हे मला ओटा धरून टाचा वर-खाली करायला लावत. खुर्चीवरून हात न टेकता उठायला-बसायला लावत. ते मी केलं. पण चालायचा मला मनापासून कंटाळा. यांचं म्हणणं नाल्याच्या पुलापर्यंत. मी शाळेच्या फाटकापर्यंतही जायची नाही, म्हणायची, "उद्या पाहू."

"पडली अन् खुबा मोडला तं मी उचलणार नाई. माह्यी कंबर पाह्यली काय?"

कंबर ठीक होती त्यांची. भीती होती. कॅन्सरमधून ओढून आणलेली बाई अंगणात पाय घसरून जाऊ नये, एवढीच.

पुढच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, हाडं आणखी झिजली नाहीत, होती तिथेच थांबली आहेत.

"थांबणारच," हे म्हणाले. "उभी करून ठेवली ना."

डॉक्टर हसले. मला लाज वाटली. आनंदही झाला.

घरात आजारी मी. जायचा नंबर माझा, असं सगळ्यांनी धरलं होतं. मीही.

जन्मभर लोकांना लाइनीत लावणारा माणूस, आणि स्वतः मध्येच घुसला.

मंगळवारी दुपारी यांनी जेवून हात धुतले आणि तिथेच कोसळले. दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही, वाटेतच गेले.

घर माणसांनी भरलं. माझी नणंद मला जवळ घेऊन म्हणाली, "वैनी, आता कायची धावपळ? पडून राह्य."

मायेनेच म्हणाली. आणि पडून राहणं किती सोपं होतं. खरं सांगते, हाडं आता कोणासाठी सांभाळायची, हेच मला कळत नव्हतं.

आज त्याला वर्ष झालं.

दोन्ही गोळ्या चालू आहेत. तब्येत बरी आहे. भांडायला कोणी नाही, बाकी ठीक.

कालकथित भाऊराव, आपल्या सोनूचे बाबा, तुम्हाला मनापासून वंदन.

तुम्हाला माहीत नाही ते एवढंच सांगते.

तुम्हाला पोचवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं अस्थी आणायला गेली. मी चप्पल घातली. नणंद म्हणाली, "कुठी चालली?"

"चालून येतो."

बाया पाहत राहिल्या.

पुलापर्यंत नाही जमलं. शाळेच्या फाटकापर्यंत गेले आणि परत आले.